गाडीला किती पावसाळे झाले? गोव्यात मिडसाइझ सेडान घेताना मालकांचं बोलणं कसं तोलावं

होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया, फोक्सवॅगन व्हर्टस आणि एप्रिल २०२५ मध्ये बंद झालेली, पण सेकंड हँड बाजारात अजून भरपूर मिळणारी मारुती सियाझ. मिडसाइझ सेडान घ्यायची म्हटलं की गोव्यात याच पाच नावांभोवती विचार फिरतो. पाचांतली एकही गाडी वाईट नाही. आठ-दहा वर्षं कोणती कमी त्रास देईल, एवढंच ठरवायचं असतं, आणि ते शोरूममध्ये कळत नाही. टेस्ट ड्राइव्हला वीस मिनिटं मिळतात. तेवढ्या वेळात सगळ्याच गाड्या गुणी वाटतात. म्हणून आपण मालकांना विचारतो.

मालक सांगतात, "एक नंबर गाडी, काही त्रास नाही." किंवा, "घेऊ नकोस, पस्तावशील." गाडीने काय सोसलं आहे ते कळेपर्यंत या दोन्ही उत्तरांचा उपयोग नाही. आपल्याकडे पहिला प्रश्न किलोमीटरचा नको, पावसाळ्यांचा हवा. गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला साधारण ३,००० मिमी पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. राज्याची उत्तर-दक्षिण लांबी शंभर किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे पणजीतल्या नोकरदाराची गाडी वर्षाला सहा-सात हजारांवर जातच नाही. पाच पावसाळे काढलेली ३० हजार किलोमीटरची गाडी आणि दोन पावसाळ्यांत ६० हजार धावलेली गाडी यांचे मालक वेगवेगळ्या गोष्टी सांगणार. पहिला रबर, गंज, एसी आणि वायरिंगबद्दल सांगेल, दुसरा क्लच, टायर आणि ब्रेक पॅडबद्दल. तुमचा वापर ज्याच्यासारखा, त्याचं ऐका. दोन पावसाळ्यांपेक्षा कमी वयाच्या गाडीचा मालक जे सांगतो ती त्याची आवड आहे. टिकाऊपणाबद्दल त्याला अजून काही कळलेलं नसतं.

दुसरा प्रश्न, गाडी रात्री कुठे उभी असते? कांदोळी, मिरामार, कोलवा या भागात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उघड्यावर उभी राहणारी गाडी खारा वारा खाते. तिथे एसीचा कंडेन्सर, पाइपांचे सांधे, बॅटरीचे टर्मिनल, सायलेन्सरचे जोड आणि ब्रेक ड्रम आधी जातात. साखळी, डिचोली, वाळपईकडच्या गाडीचं दुखणं वेगळं. तांबडी धूळ एअर फिल्टर आणि कंडेन्सरच्या जाळीत बसते, खनिजाच्या ट्रकांमागून खडे उडून काच चिरते, खड्ड्यांनी लिंक रॉड आणि बुश सैल होतात. कोलव्याच्या मालकाची एसीची तक्रार वाळपईकराला जशीच्या तशी लागू नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा राहून जातो: नेमकं कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स? "व्हर्ना चांगली आहे" या वाक्याला अर्थ नाही, कारण २०२३ नंतरच्या व्हर्ना दोन आहेत. एक १.५ लिटरच्या साध्या इंजिनाची, ११५ पीएस ताकद आणि १४४ न्यूटन मीटर टॉर्क, मॅन्युअल किंवा आयव्हीटी. दुसरी टर्बो, १६० पीएस आणि २५३ न्यूटन मीटर, मॅन्युअल किंवा ७ स्पीड डीसीटी. स्लाव्हिया आणि व्हर्टस आतून जुळ्या बहिणी. टीएसआय म्हणजे त्यांचं टर्बो पेट्रोल इंजिन. १.० टीएसआय (११५ पीएस, १७८ न्यूटन मीटर) सहा स्पीड मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टरसह येते, तर १.५ टीएसआयला (१५० पीएस, २५० न्यूटन मीटर) ऑटोमॅटिक म्हणजे ७ स्पीड डीएसजी. सिटीचं पेट्रोल इंजिन १२१ पीएस आणि १४५ न्यूटन मीटरचं, मॅन्युअल किंवा सीव्हीटीसह. शिवाय सिटीची हायब्रिड निराळीच.

म्हणजे "ऑटोमॅटिक" या एका शब्दाखाली अगदी वेगळी यंत्रं येतात आणि त्यांची दुखणीही वेगळी. डीसीटी आणि डीएसजी या गाड्यांत ड्राय क्लचचे आहेत. आत दोन क्लच प्लेट असतात, त्या तेलात बुडालेल्या नसतात, हवेवरच थंड होतात. शुक्रवारच्या बाजाराला म्हापशात गाडी इंचाइंचाने सरकते, तेव्हा संगणक क्लच अर्धा धरून ठेवतो आणि प्लेट तापते. ओव्हरहीटचा इशारा, सुटताना हिसका, रिव्हर्सला थरथर या तक्रारी बहुतेक अशा वापरातून येतात. डीएसजीच्या बाबतीत मेकाट्रॉनिक युनिटचा (क्लच आणि गिअर हलवणाऱ्या संगणकी भागाचा) खर्च मोठा असतो, म्हणून वॉरंटी संपलेली डीएसजी घेताना किंमत तशीच पाडून मागावी. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये जोड तेलातून होतो. रांगेत सरकणं त्याला सोसतं, पेट्रोल मात्र थोडं जास्त लागतं. सीव्हीटी आणि आयव्हीटीमध्ये पट्टा (आयव्हीटीत साखळीचा) दोन पुलींवर फिरतो. तेल वेळेवर बदललं तर हे बॉक्स शांतपणे वर्षानुवर्षं चालतात. तेल जुनं झालं की ३० ते ६० च्या वेगात हलक्या ॲक्सिलरेटरवर बारीक थरथर जाणवते. तेल त्या कंपनीचंच हवं. "सगळं ऑटोमॅटिकचं तेल सारखंच" म्हणणाऱ्या गॅरेजातून गाडी परत न्या.

आता फेरीबोटीचं बघा. दिवाडीला, चोडणला जाणाऱ्यांसाठी हा रोजचा मामला आहे आणि गाडीची कंपनी त्याचा विचार करून गाडी बनवत नाही. धक्क्याचा काँक्रीटचा उतार, त्याला टेकलेली बोटीची लोखंडी फळी आणि पुढे बोटीचा सपाट डेक, असे दोन मोड एकामागून एक येतात. भरतीला उतार कमी असतो. ओहोटीला बोट खाली जाते, मोड तीव्र होतो आणि लांब नाकाच्या सेडानचा पुढचा बंपर फळीवर घासतो. चाकं फळीवर चढली की पोटाची पाळी. सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा १६५ मिमी, सियाझचा १७०, स्लाव्हियाचा १७९. कागदावरचे हे १४ मिमी इथे कानाला ऐकू येतात. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असलं तर ते जास्तच ऐकू येतात. उतरायचं ते एका वेगात, ब्रेक सोडून, कारण ब्रेक दाबला की नाक आणखी खाली जातं. वर चढायच्या रांगेत डीसीटीवाल्याने ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये. ब्रेकवर उभी करायची आणि पुढची गाडी पूर्ण गेली की सोडायची. शिवाय फळीजवळचं खारं पाणी पोटाला लागतं ते वेगळंच. रोज फेरी ओलांडणाऱ्या मालकाने सहा महिन्यांतून एकदा गाडी लिफ्टवर चढवून गोड्या पाण्याने पोट धुतलं आहे का, हे विचारा. त्याने "अंडरबॉडी कोटिंग केलंय ना" म्हटलं तरी पाहा. कोटिंगच्या खाली गंज चालू राहतो आणि दिसत नाही.

मालकांच्या तक्रारी ऐकताना गाडीचा स्वभाव आणि गाडीचा बिघाड वेगळे काढावे लागतात. "चोर्ला घाटात इंजिन ओरडतं" ही सिटी सीव्हीटीची तक्रार स्वभावाची आहे. साध्या इंजिनाचा पूर्ण टॉर्क ४,३०० आरपीएमला मिळतो, म्हणून चार माणसं आणि एसी लावून वळणावर चढताना इंजिन वर जाणारच. मॅन्युअल असेल तर दुसरा गिअर टाकावाच लागतो. स्लाव्हियाच्या १.० इंजिनाला पूर्ण टॉर्क १,७५० पासून मिळतो, तिथे ही गाडी तिसऱ्यात चढते. पण त्याच्या खाली, अनमोड घाटाच्या एखाद्या अरुंद वळणावर वेग पडला तर क्षणभर गाडी मेल्यासारखी वाटते. हाही स्वभावच. तीन सिलिंडरची उभ्या गाडीतली थरथरही तशीच. हा स्वभाव तुम्हाला चालणार की नाही, हे टेस्ट ड्राइव्हला ठरवा, आणि ती ड्राइव्ह सपाट हायवेवर नको. फोंड्याच्या बाजूला असाल तर फर्मागुडीचा चढ एसी लावून, चार जण बसवून चढा.

बिघाड ओळखायची खूण अशी: तोच पार्ट, साधारण तेवढ्याच किलोमीटरला, वेगवेगळ्या मालकांकडे आणि वेगवेगळ्या वर्कशॉपमध्ये गेला तर दोष गाडीचा. सगळे तक्रारदार एकाच वर्कशॉपचे असतील तर दोष बहुधा हाताचा. दोन उदाहरणं उघड आहेत. स्लाव्हियाच्याच प्लॅटफॉर्मवरच्या कुशाकच्या सुरुवातीच्या गाड्यांत २०२१ मध्ये ईपीसी (इंजिनाच्या बिघाडाचा इशारा देणारा) दिवा लागून गाडी बंद पडायच्या तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीने फ्युएल पंप बदलून दिले. होंडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ९० हजारांहून जास्त जुन्या गाड्या फ्युएल पंपासाठी परत बोलावल्या, त्यांत सिटीही होती. यातून कोणती कंपनी वाईट हे ठरत नाही. पहिल्या वर्षाच्या गाड्यांवरून आजच्या गाडीचं मत बनवू नये, आणि सेकंड हँड घेताना चॅसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून रिकॉलचं काम झालंय का ते पाहावं, एवढं नक्की. रिकॉलचं काम मालक बदलला तरी फुकट होतं.

एसीबद्दल सविस्तर, कारण किनाऱ्यावर सर्वाधिक पैसे इथेच जातात. मालक "कूलिंग कमी" म्हणतो त्यामागे चार कारणं असू शकतात. कंडेन्सरची जाळी धुळीने बुजली असेल, तर पाण्याचा हलका फवारा पुरतो. प्रेशर पंपाने धुतलं तर जाळी वाकते. केबिन फिल्टर शेवाळला असेल तर तो दहा मिनिटांत घरी बदलता येतो. पाइपाच्या सांध्यातून गॅस जात असेल तर नुसता गॅस भरून उपयोग नाही, लीक आधी शोधायला हवं. आणि कूलिंग कॉइलच गळत असेल तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, पार्टच्या किमतीवर मजुरी चढते, आणि डॅशबोर्ड परत बसल्यावर कुठेतरी खडखड सुरू होते. म्हणून विचारायचं ते असं: गॅस किती वेळा भरला, कॉइल बदलली का, बदलली तर कितव्या पावसाळ्यानंतर? दर एप्रिलमध्ये गॅस भरणाऱ्या गाडीत लीक आहे, मालक काहीही म्हणो.

स्लाव्हिया-व्हर्टसच्या सुरुवातीच्या मालकांकडून उभ्या गाडीत थंडावा कमी होतो ही तक्रार पुष्कळदा ऐकू येते. ती स्वतः तपासता येते. भर दुपारी उन्हात तापलेली गाडी घ्या, स्टार्ट-स्टॉपचं बटण बंद करा (इंजिन थांबलं की कॉम्प्रेसर थांबतो, आणि अनेकांना हाच एसीचा दोष वाटतो), मधल्या व्हेंटमध्ये साधा थर्मामीटर खोचा, दहा मिनिटं उभ्याने चालवा आणि आकडा लिहून ठेवा. मग दोन मिनिटं १,५०० आरपीएमला धरून पुन्हा पाहा. दोन्ही आकडे जवळजवळ असतील तर एसी ठीक. इंजिन वाढवल्यावर एकदम थंड होत असेल तर पंखा, कंडेन्सर किंवा गॅस यांपैकी काहीतरी कमजोर आहे.

ॲव्हरेजचे आकडे डॅशबोर्डवरून सांगणाऱ्यांचे सोडून द्या. टाकी फुल, पंपाची नळी पहिल्यांदा कट झाली की थांबायचं. पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच, आणि धावलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. ४१२ किलोमीटरला २९.४ लिटर लागले तर १४ चा ॲव्हरेज. असं तीन वेळा केलेल्या मालकाचा आकडा घ्या, तोही रस्ता विचारून: फोंडा-पणजी रोजची गाडी आणि मडगावच्या गल्लीत फिरणारी गाडी यांची तुलना होत नाही. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे ॲव्हरेज थोडा घटतो. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे पार्ट ई२० साठी चालतील असे दिलेले आहेत. त्याआधीच्या गाडीचा मालक इंधनाच्या नळ्या, सील, पंप यांबद्दल काय सांगतो ते लक्षपूर्वक ऐका.

गोव्यात आणखी एक प्रकारची गाडी असते, बोटीवर किंवा आखातात नोकरीला असलेल्यांची. सहा महिने घरासमोर झाकून ठेवलेली, किलोमीटर कमी, रंग चकचकीत. अशा गाडीच्या मालकाचं "काही त्रास नाही" सर्वात फसवं, कारण तो इथे नसतोच. उभ्या गाडीत बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटतात, हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागच्या ड्रमला शू गंजून चिकटतात (सिटी पेट्रोल, स्लाव्हिया, व्हर्टस तिघींना मागे ड्रम आहेत), इथेनॉल ओलावा ओढतं आणि बॉनेटखाली उंदीर वायरिंग कुरतडतात. ठेवायचीच असेल तर हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, टाकी भरून ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा आणि अंगाला घासणारं प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. हायब्रिड सिटी अशा घरासाठी नाही. तिचीही १२ व्होल्टची बॅटरी उतरली की गाडी सुरू होत नाही. मोठ्या लिथियम बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आहे, तेव्हा त्या बॅटरीची भीती बाळगायचं कारण नाही. डिकी मात्र ५०६ लिटरवरून ३०६ वर येते. मोपा विमानतळावर दोन मोठ्या बॅगा घेऊन जायचं असेल, चवथीला नारळ आणि माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांचं) सामान न्यायचं असेल, तर आधी स्वतःच्या बॅगा नेऊन डिकीत ठेवून बघा. व्हर्नाची डिकी ५२८ लिटर, स्लाव्हियाची ५२१.

सर्व्हिसच्या खर्चाबद्दल मालक "वर्षाला इतके हजार" सांगतात, पण बिल पाहिल्याशिवाय तो आकडा धरू नका. होंडा आणि ह्युंदाईची सर्व्हिस १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, स्कोडा-फोक्सवॅगनची १५,००० किंवा एक वर्ष. कमी फिरणाऱ्या गोवेकराला वर्षच आधी भरतं, त्यामुळे १५,००० चा फायदा कागदावरच राहतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो गाड्या (टीएसआय आणि व्हर्ना टर्बो) रोज चार-पाच किलोमीटरच चालत असतील तर इंजिन नीट तापत नाही, थोडं पेट्रोल तेलात उतरतं आणि इनटेक व्हॉल्व्हवर काजळी बसते, कारण तिथे पेट्रोलचा फवारा येतच नाही. या गाड्यांना आठवड्यातून एकदा तरी तासभराची मोकळी फेरी हवी आणि तेल वेळेच्या थोडं आधी बदललेलं बरं. टीएसआयला टायमिंग बेल्ट आहे, सिटी आणि व्हर्नाला चेन. बेल्ट कधी बदलायचा ते मॅन्युअलमध्ये पाहा आणि तो खर्च आधीच हिशेबात धरा.

सेकंड हँडसाठी आरसीचा इतिहास आधी. रेंट-अ-कारची काळी पाटी उतरवून खाजगी केलेली गाडी असेल तर आरटीओच्या नोंदीत दिसतं. मग लिफ्ट. सायलेन्सरचे जोड, ब्रेकचे पाइप, सबफ्रेमच्या कडा टॉर्चने पाहा. डिकीत स्टेपनी काढून खालच्या खळग्यात बोट फिरवा, ओल किंवा गंज असेल तर पाणी शिरलेलं आहे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. पुरात सापडलेल्या गाडीच्या बेल्टच्या शेवटच्या हातभर भागावर मातीची रेघ राहते, धुणारे तिथवर पोचत नाहीत. पाणी साचलेल्या रस्त्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून चालू केली असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. साध्या विम्यात हे भरून मिळत नाही, इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं.

माझा कौल स्पष्ट आहे. कमी फिरणाऱ्या, गाडी दहा वर्षं ठेवणाऱ्या घरासाठी सिटी पेट्रोल किंवा व्हर्नाचं साधं १.५, मॅन्युअल किंवा सीव्हीटी-आयव्हीटी. व्हर्नाला ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत ५ स्टार मिळाले, तो तिचा जास्तीचा गुण. घाट दर आठवड्याला चढायचा किंवा रस्ता खराब असेल तर स्लाव्हिया किंवा व्हर्टस १.० टॉर्क कन्व्हर्टर, ५ स्टार या दोघींनाही आहेत. रोज फोंडा-पणजी ये-जा करणाऱ्याला हायब्रिड. टर्बो डीसीटी आणि १.५ डीएसजी चालवायला सुंदर, पण हायवेवर धावणाऱ्यांसाठी. बाजाराच्या रांगेत रोज सरकणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. सियाझ सेकंड हँडच मिळणार. पार्ट कुठेही मिळतात, मागे पाय पसरायला जागा उत्तम, ऑटोमॅटिक मात्र जुनं ४ स्पीडचं.

किंमत विचारताना २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीची कोटेशन बाजूला ठेवा, त्या दिवसापासून हायब्रिड सोडून या गाड्यांवरचा कर ४५ वरून ४० टक्क्यांवर आला. एक्स्टेंडेड वॉरंटी मूळ वॉरंटी संपण्याआधीच घ्यावी लागते. सही करण्यापूर्वी एसीची कूलिंग कॉइल, कंडेन्सर आणि इन्फोटेनमेंटचा स्क्रीन तिच्यात येतात की नाही, हे सेल्समनच्या तोंडून ऐकून भागणार नाही, पुस्तिकेतलं पान दाखवायला सांगा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.